वरचा पट्टा

दामोदर आहेर माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत, घोट्याकडे पाहत. घोटा सुजलेला दिसला की समोरचा कोण, कुठे निघाला, याची चौकशी न करता ते खाली बसत, त्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरीत आणि मग पडलेला खळगा भरून येईपर्यंत टक लावून पाहत. हा प्रकार मी भाजीबाजारात पाहिला आहे, मतदानाच्या रांगेत पाहिला आहे आणि एका साखरपुड्यात मुलाच्या वडिलांच्या बाबतीतही पाहिला आहे. त्या गृहस्थांना वाटले, मुलीकडचे कोणी पाया पडत आहेत. त्यांनी तोंडभरून आशीर्वाद दिला. आहेर म्हणाले, "पाणी साठलंय. मीठ कमी करा."

नाशिक रोडला त्यांचे घर माझ्या घराला लागून होते; मधे कमरेएवढी भिंत. आहेर मूळचे कळवणचे. एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे आखण्याचे काम करून ते नव्वदच्या दशकात निवृत्त झाले. मी शिक्षक होतो. सारी नोकरी फळ्यासमोर उभ्याने केली. त्याचा संबंध पुढे येईल.

आहेरांच्या या नादाचे मूळ त्यांच्या पत्नीच्या डाव्या पायात होते. कमलबाईंच्या त्या पायाच्या शिरा निकामी झाल्या होत्या. दिवस सरेपर्यंत पाय खांबासारखा सुजे. रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी पायाला लवचिक पट्टी गुंडाळावी, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पट्टी बोटांकडून वर न्यायची. खाली घट्ट, वर सैल. उलट झाले तर रक्त वर चढण्याऐवजी खालीच कोंडते. तयार मोजे मिळत; परंतु ते चढवायला हातात जोर लागतो आणि कमलबाईंची बोटे संधिवाताने आखडलेली. म्हणून पट्टी आहेर बांधत.

मग आहेरांना हृदयविकाराचा झटका आला. ते रुग्णालयात होते तेवढ्या दिवसांत कमलबाईंनी पायाला कोणाचाही हात लागू दिला नाही. सुनेला आणि शेजारणींना सांगितले, "बांधलीय मी." साडीखाली कोण पाहणार? आहेर घरी परतले तेव्हा तो पाय चपलेत मावत नव्हता आणि घोट्याजवळची कातडी फुटून पाणी झिरपत होते. त्याविषयी आहेर माझ्याशी एकदाच बोलले.

"सर, मी चार दिवस नव्हतो तर ही गत. कायमचा नसेन तेव्हा?"

 

त्या दिवसापासून ज्याचे त्याला घालता येईल असे काहीतरी शिवायचे, हा त्यांचा एकच उद्योग झाला. नडगीला वेढणारे जाड कापड, त्यावर एकाखाली एक आडवे पट्टे आणि पट्ट्यांना मुलांच्या बुटांना असते तसले वेल्क्रो: ओढायचे आणि चिकटवायचे. "दुसऱ्याचा हात लागता कामा नये," हे त्यांचे पालुपद. कापडासाठी त्यांनी घरातली दप्तरे, खाटेची नवार आणि सुनेचा चांगला रेनकोट खर्ची घातला. शिवण्याचे काम कोपऱ्यावरच्या शफीभाई टेलरकडे होते.

"आहेरसाहेब, ये पँट है या पिशवी? एक बार तय करो."

"पँट नाय, पिशवी नाय. हे यंत्र आहे, शफीभाई."

"तो फिर लोहार के पास जाओ ना!"

त्यांच्या पद्धतीत एक दोष होता. नवा नमुना तयार झाला की ते कोणालातरी खुर्चीवर बसवून म्हणत, "तुमचं तुम्ही घाला." तो वाकायच्या आत मात्र स्वतःच गुडघ्यांवर बसत आणि "थांबा, आधी मी दाखवतो," म्हणत सगळे पट्टे आवळून मोकळे होत. कमलबाईंच्या बाबतीत रोज सकाळी तेच.

सोसायटीचे चेअरमन सोनवणे यांना एक नमुना असाच चढवला गेला. त्याच संध्याकाळी सोसायटीच्या एका जुन्या सभासदांची शोकसभा होती. सगळे उभे राहून मौन पाळत असता सोनवण्यांचा पाय बधिर होऊ लागला. त्यांनी थोडा वेळ सोसले. मग ते वाकले. चर्रर्र! वेल्क्रोचा आवाज शांततेत फार मोठा होतो. पुन्हा चर्रर्र. मृताच्या धाकट्या भावाने मागे वळून पाहिले. आहेर माझ्या कानाशी लागले आणि व्यथित स्वरात म्हणाले, "खालून सोडतोय हो. वरून सोडायला पाहिजे."

पुढे उभ्याने केलेल्या नोकरीपायी माझ्याही नडगीवर निळ्या शिरांच्या गाठी आल्या. आहेर एक नमुना घेऊन आले आणि गुडघ्यांवर बसले. मी पाय मागे घेतला.

"पायाला कोणी हात लावलेला मला खपत नाही. ठेवून जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच पलंगावर बसून ते घालू लागलो. कापड नीट बसले, पट्टे बसेनात. माझ्याकडे ओढले की सुटत. ते माझ्यापासून दूर, पुढच्या बाजूला ओढावे लागत होते आणि तिथवर माझा हात पोहोचत नव्हता. बराच वेळ झटापट केल्यावर उलगडा झाला. ते घालणाऱ्यासाठी शिवलेले नव्हते. समोर जमिनीवर बसणाऱ्यासाठी शिवलेले होते.

मी ते घेऊन शेजारी गेलो.

"आहेर, हे उलटे आहे."

"शक्यच नाय. रोज बसतंय."

"कोण बसवते?"

ओट्यावर बसून आहेरांनी ते स्वतःच्या पायाला लावले; बहुधा प्रथमच. पट्टा ओढला, सुटला. पुन्हा ओढला, पुन्हा सुटला.

"मी कायम समोर बसून बांधली," ते हळूच म्हणाले. "हाताला तेवढीच दिशा ठाऊक."

कमलबाई दारात मेथी निवडत होत्या. "माले माहीत व्हतं," त्या म्हणाल्या. घरच्या माणसाशी बोलताना त्यांच्या तोंडी माहेरची अहिराणी येई.

"मग सांगितलं का नाय?"

कमलबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि माझ्यासमोर बोलावे तसे उत्तर दिले. "सांगितलं असतं तर तुम्ही दुरुस्त केलं असतं."

मी चहा न घेता परत आलो.

आहेरांनी दुरुस्त केले. शफीभाईंकडून सगळे उसवून पट्टे उलट बाजूंनी शिवून घेतले आणि चाचणीला मला साक्षीदार म्हणून बसवले. कमलबाई पट्टे लावू लागल्या. आहेर समोर जमिनीवर, स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून. तरी दर पट्ट्याला ते पुढे झुकत.

"हाऊ पाय मना शे," आपल्या पायावर हक्क सांगत कमलबाई कडाडल्या. "तुम्ही गुपचूप बठा."

वेळ लागला, पण जमले. संध्याकाळी आहेरांनी नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला नाही. "जमलं," ते म्हणाले. काही हरवल्याचे सांगावे, तसा स्वर होता.

अगदी वरचा पट्टा मात्र जुन्याच दिशेचा राहिला होता. चूक दाखवणे हा माझा व्यवसाय; मी दाखवली.

"वरचा सैलच असतो, सर," आहेर म्हणाले. "तो नसला तरी चालतं."

त्यानंतर रोज सकाळी भिंतीपलीकडून चुकलेला पट्टा सोडल्याचा चर्र आवाज येई, थोडी कुरकूर येई आणि शेवटी कमलबाईंची हाक: "या आता. वरचा लावा."

काही वर्षांनी आहेर दुसऱ्या झटक्यात गेले. दिवसकार्य उरकले, पाहुणे पांगले. एके सकाळी कमलबाई साडी वर खोचून ओटा धूत होत्या. मी भिंतीपाशी गेलो आणि त्यांच्या तोंडाकडे पाहण्याआधी पायाकडे पाहिले. पट्टे सरळ आणि नीट बसले होते. वरचा मोकळा लोंबत होता.

"खाली घट्ट आहे ना?" मी विचारले.

"आहे, सर."

"मग चालेल," मी म्हणालो.