नंबर शेवटच्या पानावर

रात्री जेवताना सुनेने सहज विषय काढला आणि किल्लीवाल्या काकांचा घास हातातच राहिला.

"बाबा, आपल्या वेबसाइटचा बाउन्स रेट नव्वद टक्के आहे."

"म्हणजे चांगलं का?"

"म्हणजे शंभरातले नव्वद लोक पहिलं पान बघतात आणि तिथूनच परत जातात. आत कुणी येत नाही. आता हे नेहमी वाईटच असतं असं नाही, कारण…"

त्यापुढचं काकांनी ऐकलंच नाही. उभा जन्म लोकांची अडकलेली दारं उघडून देण्यात गेला, आणि त्यांच्याच दारातून लोक पाठ फिरवून जात होते. हे त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून त्यांनी पहिलं पान नीट न्याहाळलं. त्यावर दुकानाचं नाव आणि भल्यामोठ्या आकड्यांत फोन नंबर, एवढंच होतं. उंबऱ्यातच नंबर हातात दिल्यावर माणूस आत येईल कशाला? काकांनी नंबर उचलला आणि थेट शेवटच्या पानावर नेऊन ठेवला. मधल्या पानांवर कुलपांचा इतिहास आला, 'किल्ली हरवल्यावर मन शांत कसे ठेवावे' हा लेख आला, वडिलांचा तरुणपणीचा फोटोही आला. प्रत्येक पानाच्या तळाशी 'पुढे वाचा' होतंच.

बाउन्स रेट भराभर उतरला. काका खुशीत होते. फोन मात्र वाजेनासा झाला.

"लोक हल्ली किल्ल्या जपायला लागलेत," ते काकूंना म्हणाले.

"तुमचे लेख वाचून सुधारले असतील," काकू म्हणाल्या.

अशाच एका रिकाम्या दुपारी साइटवर कोण कुठलं पान बघतंय ते काका मोबाइलवर पाहत बसले होते, तेव्हा एक वाचक आला. तो पहिल्या पानावरून इतिहासाकडे गेला, तिथून वडिलांच्या फोटोकडे, मग परत इतिहासाकडे. काकांना राहवेना. त्यांनी सुनेला ऑफिसात फोन लावला.

"अगं, एक माणूस इतिहास दुसऱ्यांदा वाचतोय."

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे."

वाचक निघून गेला तेव्हा काकांना चुटपुट लागली. शेवटच्या पानापर्यंत काही तो पोचला नव्हता.

चहाच्या वेळी घराचा जिना चढताना करपलेल्या दुधाचा वास आला. आत सोफ्यावर बाजारापलीकडचा किल्लीवाला, म्हणजे काकांचा जुना प्रतिस्पर्धी, चहा पीत बसला होता. शेजारी त्याची हत्यारांची पेटी होती.

"कचरा ठेवायला बाहेर गेले आणि वाऱ्याने दार लागलं," काकू म्हणाल्या. "किल्ली आत, फोन आत, गॅसवर दूध. तुमचा नंबर पाठ कुणाला आहे? शेजारणीच्या फोनवर तुमची साइट उघडली. शोध शोध शोधला. शेवटी यांना बोलावलं. यांचा नंबर वरच होता."

काकांना दुपारचा वाचक आठवला. त्यांनी पैसे विचारले तर पाहुण्याने हात जोडले.

"धंद्यातल्या माणसाकडून कसले पैसे? उलट तुमच्यामुळे हल्ली माझ्याकडे बरंच काम येतं." मग त्याने आवाज उतरवला. "परवा एक बाई जिन्यात रडत बसली होती. तान्हं मूल आत अडकलेलं. हातातल्या फोनवर तुमचंच पान उघडं होतं. मन शांत ठेवायचं ते. मूल सुखरूप आहे, पण रडून रडून त्याचा आवाज बसला होता."

पाहुणा गेला. सून घरी आल्यावर काकांनी स्वतःच विचारलं, "त्या दिवशी तू 'कारण' म्हणालीस. पुढे काय होतं?"

"कारण आपल्याकडे येणाऱ्याला फक्त नंबर हवा असतो, बाबा. तो मिळाला की माणूस जातो. तो गेला म्हणजे आपलं काम झालं."

काकांनी तिथेच बसून सगळे लेख काढून टाकले. वडिलांचा फोटो काढताना बोट जरा अडलं, पण काढला. नंबर पूर्वीपेक्षाही मोठा करून वर ठेवला. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. काकू पातेलं घासत होत्या.

"तो इतिहास," काका चाचरत म्हणाले, "वाचायला कसा वाटला?"

काकूंनी पातेलं उजेडात धरून पाहिलं.

"पहिल्यांदा बरा वाटला," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा वाचताना वास यायला लागला होता."