अण्णांच्या डासांची लग्नं

आमच्या शेजारचे अण्णा डासांची लग्नं लावत. कंदिलाच्या काचेत एक नर आणि एक मादी सोडायची, काचेच्या दोन्ही तोंडांना मच्छरदाणीचा तुकडा बांधायचा आणि भिंग घेऊन समोर बसायचं. रत्नागिरीच्या शाळेत ते मास्तर होते. घरात एकटेच. मादीला अंडी घालायला रक्त लागतं, म्हणून रोज सकाळी स्वतःचा दंड त्या जाळीला लावत आणि तसेच बसून दुसऱ्या हाताने मुलांच्या वह्या तपासत.

कुणी हसलं तर म्हणत, "पाहिल्याशिवाय बोलू नये."

सन तीसच्या सुमारास आमच्या आळीत हाडं मोडणारा ताप आला. माझी बायको अंथरुणाला खिळली. दुसऱ्या दिवशी अण्णा काच घेऊन दारात हजर.

"वहिनी, हात जरा द्याल? दोनच मिनिटं."

"त्याने ताप उतरेल काय?" हिने विचारलं.

"छे. पण डासाला चढतो काय, ते कळेल."

हिने हात दिला. वाद घालायचं त्राण नव्हतं.

हिचा ताप आठवड्यात उतरला. अण्णांच्या तापकरी माद्या मात्र वेगळ्या काचांत मुक्कामाला राहिल्या. कोण नराला जवळ येऊ देते, कोण किती अंडी घालते, याची बातमी मला रोज ओटीवर मिळे. "आज एकीने नवऱ्याला झिडकारलंन," ते गंभीरपणे सांगत.

एका रविवारी ते आले आणि म्हणाले, "तापकरी माद्यांची अंडी कमी. पुष्कळच कमी."

मी शाबासकी दिली. ते खाली बघत राहिले.

"आमच्या हिला पाचव्या महिन्यात असाच ताप आला होता. मूल गेलं. मी तिला म्हटलं, तू जपलं नाहीस. ती मालगुंडला माहेरी गेली, त्याला चौदा वर्षं झाली."

मी बसायला पाट पुढे केला.

"डासाचं माणसाला लागू पडतं काय हो?" मास्तरांनी माझ्यासारख्या कचेरीतल्या कारकुनाला विचारलं.

"पडत असेल," मी म्हटलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते तरीच्या होडीतून खाडी ओलांडून मालगुंडला गेले. परतले ते एकटेच.

"काय म्हणाल्या?"

"सगळं ऐकून घेतलंन. मग म्हणाली, पान वाढलंय, जेवून घ्या."

"आणि?"

"जेवलो. पुन्हा या, असं म्हणाली नाही." अण्णांनी पायातल्या वहाणा काढून ओटीखाली ठेवल्या. "येऊ नका, असंही म्हणाली नाही."