जाधव सिस्टरांचं ‘कशावरून?’

आमच्या बदलापूरच्या बिल्डिंगीत जाधव सिस्टरना ‘आज गरम होतंय’ असं सहज म्हणायची सोय नव्हती. ‘कशावरून?’ असा प्रश्न यायचा. भांडायला नाही, खरोखर जाणून घ्यायला. भाजीवाला ‘ताई, आजचीच मेथी’ म्हणाला की कशावरून. सेक्रेटरी ‘संध्याकाळी पाणी येणार’ म्हणाले की कशावरून. शेवटी ते बिचारे पाणी आल्यावरच सांगायला लागले.

सिस्टर उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात होत्या. कुठलंसं ट्रेनिंग करून आल्यापासून वॉर्डातल्या प्रत्येक रिवाजाला त्या पुरावा मागत. मेट्रन म्हणाल्या, हे पूर्वापार चालत आलंय. सिस्टर म्हणाल्या, “चालत आलंय, पण पोचलंय कुठे?”

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती बाबांच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर. बाबा अंथरुणात, पाठ लाल व्हायला लागलेली. पाठीला जखम झाली की म्हातारं माणूस पुन्हा उठत नाही, हे ऐकून माझं धाबं दणाणलं होतं. मी स्पिरिट आणि पावडर घेऊन पाठ चोळायला भिडलो. वर स्कूटरच्या टायरची ट्यूब आणून, फुगवून बाबांच्या खाली सारली.

बाबा म्हणाले, “पोहायला नेतोयस का मला?”

वरच्या मजल्यावर आपल्या घरी जाता जाता, स्पिरिटच्या वासावर सिस्टर आत आल्या. “काय करताय, दादा?”

“चोळतोय. रक्त खेळतं.”

“कशावरून?”

आत्याने सांगितलं होतं. हा पुरावा मी छाती काढून सादर केला. त्यांनी आधी ट्यूबची हवा काढली, मग माझी. लाल झालेली कातडी आतून आधीच दुखावलेली असते, चोळून ती फाटते. स्पिरिटने सुकते ते वेगळंच. कॉलेजात त्यांनाही चोळायलाच शिकवलं होतं, मार्कही मिळाले होते. मग कुणीतरी चोळलेल्या आणि न चोळलेल्या पाठी ताडून पाहिल्या. खरा उपाय म्हणजे वरचेवर कूस बदलणं.

मी लगेच बाबांना भिंतीकडे वळवायला गेलो. सिस्टरनी माझा हात धरला. “बाबा, कुठल्या कुशीवर बरं वाटतं?”

“खिडकीकडं,” बाबा म्हणाले. इतक्या दिवसांत मी हे विचारलंच नव्हतं.

“दुखतंय त्यांना, मग विचारायचं कुणाला?” सिस्टर मला म्हणाल्या. “तुमच्या आत्याला?”

तेव्हापासून दिवसभर मी नाहीतर बायको, आणि ड्यूटीवरून येताना सिस्टर. लाली हटली. बाबा वॉकर धरून गॅलरीपर्यंत जायला लागले. सिस्टर तरीही यायच्या. कूस बदलायच्या, चहा घ्यायच्या, वॉर्डातल्या गमती सांगत बसायच्या.

एका संध्याकाळी बाबा गॅलरीत उभे होते. सिस्टर गेटातून येताना दिसल्या तसे ते वॉकर तिथेच टाकून, भिंत धरून लगबगीने आत आले आणि खाटेवर आडवे झाले. मी ओरडणार तेवढ्यात म्हणाले, “गप रे. वर जाऊन तिला कुलूपच उघडायचंय.”

सिस्टर आल्या. त्यांनी गॅलरीतला वॉकर पाहिला. तो आणून खाटेशी ठेवला, पर्स बाजूला टाकली, पदर खोचला.

“आज कसं वाटतंय, बाबा?”

“अवघडलोय जरा.”

“होणारच,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी बाबांना हळूच कुशीवर वळवलं आणि मला चहा टाकायला पाठवलं.