गुलाबातली जामिरदोह

कुंपणापलीकडे डोकावण्याची मला सवय नाही. (बायको म्हणते, सवय नाही, नोकरीच आहे.) पलीकडे काँग थेलिनची, म्हणजे थेलिनताईची बाग. तिचे गुलाब म्हणजे आमच्या अख्ख्या वस्तीचं नाक. यंदाच्या बागांच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस तिलाच, हे मी घरोघर सांगून आलो होतो.

गेल्या पावसाळ्यात मी एवढंच ठरवलं, की कुंपणाशी जामिरदोह या पालेभाजीचं एक रोप लावावं. रानातली आहे, पानालाच कच्च्या माशाचा वास. पण तिची चटणी आणि सुकी मासळी असली की मी दोन ताटं भात जेवतो.

सासूबाई, म्हणजे आमच्या मेई, ओसरीवर सुपारी कातरत होत्या.

"जावईबापू, रानातली पोर आहे ती. एका जागी बसायची नाही."

"मी सांभाळीन ना, मेई."

"थेलिनच्या गुलाबांना काही झालं, तर तू आपल्या आईच्या घरी. घर माझं, लेक माझी. तुझी फक्त छत्री."

(आमच्यात लग्नानंतर जावई सासरी नांदायला येतो. छत्रीसुद्धा त्यांनीच दिलेली.)

मी शेणखत घातलं, गारा पडल्या तेव्हा तीच छत्री तिच्यावर धरली. शिलाँगच्या थंडीत ती वाळून गेली, तेव्हा मला जेवण गेलं नाही. आणि यंदा स्पर्धा तोंडावर आली असताना डोकावतो तर काय, गुलाबांखाली जामिरदोहच जामिरदोह! वरून वाळली, तरी मुळं कुंपणाखालून पलीकडे पोचली होती.

काँग थेलिन चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली, की मी कुंपण ओलांडून उपटायला बसायचो. पानं हातात यायची, मूळ खालीच. मग डोकं लढवलं. कुदळ घेतली आणि मुळांचे बारीक बारीक तुकडे केले. (जामिरदोह मला खायची माहीत, तिचा स्वभाव कुठे ठाऊक!) प्रत्येक तुकड्याला वाटलं, आपलं बारसं झालं. बघता बघता गुलाब गळ्यापर्यंत बुडाले.

स्पर्धेच्या परीक्षक बायका आल्या, वाफ्यात पाय पडला आणि वास सुटला.

"काँग, मासे कुठे वाळत घातलेत?"

"माझ्या बागेत? मासे?"

"अगं बाई, जामिरदोह! आणि केवढी कोवळी!"

गुलाब राहिले बाजूला. बायकांनी पिशव्या भरभरून पाला नेला आणि बक्षीस दिलं खालच्या आळीतल्या झेंडूला.

काँग थेलिन एक जुडी घेऊन तरातरा आमच्या दारात.

"मेई, कुणीतरी माझा वाफा खणलाय!"

मेईंनी अडकित्ता खाली ठेवला. "हात बघू, जावईबापू."

मी हात पाठीमागे लपवले. पाठीमागे मांजर होतं. ते चाटायला लागलं.

"अगं काँग, मी उपटायला गेलो होतो! तुझ्याच गुलाबांसाठी!"

"कुदळीनं?"

"बारीक तुकडे करून."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी मेईंना हसू फुटलं, मग काँग थेलिनला. हसून हसून तिनं खांबाला धरलं. "बाह, अरे दादा, तू उपटली नाहीस रे, पेरलीस!" म्हणाली आणि जुडी माझ्या हातात कोंबली. "आता निदान चटणी तरी वाट. आणि उद्यापासून माझे गुलाब मोकळे करायला ये. हातानं!"

ती गेल्यावर मी हळूच विचारलं, "मेई, मग मी... पेटी भरू?"

मेईंनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"काय उपयोग? तुझे तुकडे करून डोंगरापलीकडे फेकले, तरी जेवायच्या वेळेला इथंच उगवशील."

मी हात धुऊन पाटावर बसलो. भात वाढून झाला होता.