अख्ख्या दवाखान्याचा मामा

आमच्या दवाखान्यात स्ट्रेचरवर पडलात, की "कुठं दुखतंय" असं कुणी लगेच विचारत नाही. आधी एक मिशाळ चेहरा तुमच्यावर वाकतो आणि म्हणतो, "भाचे, आई कोन्या गावची?" तुमचा पाय मोडलेला असतो, नाहीतर पोटात मुतखडा थयथयाट करत असतो. पण ह्या माणसाला उत्तर हवंच असतं. अगदीच गंभीर मामला असला तर तो गाडी पळवता पळवता विचारतो, पण विचारतो. आई पैठणची आहे म्हणालात, की त्याचा जीव भांड्यात पडतो. "मंग आपलीच भईन की! म्हंजी मी तुमचा सख्खा मामा. चला, पडा बिनघोर."

आता ज्यांना दवाखान्याची सवय नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं वॉर्डबॉयला मामा म्हणतात, आयाबाईला मावशी आणि आम्हा नर्सना सिस्टर. सगळं खानदान हजर असतं. नातं चिकटवलं की नाव विचारायला नको, आणि हुकूम सोडताना लाजायला नको. मी इथली इनचार्ज सिस्टर. दिवसभर "ओ सिस्टर" म्हणून गळा काढणारे भाऊ मला इतके आहेत, की भाऊबीजेला त्यातले चार जरी उगवले तरी माझं कपाट साड्यांनी भरेल. एकही उगवत नाही. म्हणून मी ते नातं कधी मनावर घेतलं नाही. मामांनी मात्र घेतलं. त्यांचं नाव दिगंबर आहे, हे मला किती उशिरा कळलं ते विचारू नका.

मामा म्हटल्यावर दवाखाना म्हणजे मामाचं गाव झालंच. आलेल्या भाच्याला गाव दाखवायला नको का? स्ट्रेचर निघालं की मामांचं सुरू. "हे डाव्या हाताला एक्स-रे. इथं फोटो काढतेत, पन हसायचं नाय. ते कॅन्टीन. तिथला चहा घिऊ नका भाचे, त्याच्यापरीस सलाइन गोड." लिफ्ट बंद पडली की उताराच्या रस्त्यानं गाडी चढवावी लागते. तिथं पोचलं की म्हणतात, "हा आपला चौक्याचा घाट. गच धरा, खाली बगू नका." चिकलठाण्याच्या कारखान्यात बोट चिरडून आलेला एक गडी तर हसता हसता रडत होता. डॉक्टरांना वाटलं, इंजेक्शनचा काही उलटा परिणाम झाला.

मामांच्या ह्या नात्यात वयाला सूट नाही. गुलमंडीवरचे एक निवृत्त हेडमास्तर आले होते, दात गेलेले पण करारी. ते चिडून म्हणाले, मी तुमच्या बापाच्या वयाचा आहे. मामा शांतपणे म्हणाले, "भाचा थोरला असला म्हनून मामाचा काका होत नसतो." मास्तरांना व्याकरणाच्या अंगानं ते पटलं असावं, कारण जाईपर्यंत ते मुकाट्यानं भाचे झाले. शहरातल्या जुन्या मोहल्ल्यांतली पोरं आली की मामांचा मामू होतो. "क्या भांजे, अम्मी किधर की?" मग तिथंही भाऊ-बहीण जुळतात आणि बिर्याणीचे डबे यायला लागतात. जेवायला का-कू करणाऱ्याचा ते कान धरतात. खिशात तंबाखूची पुडी सापडली तर ती स्वतः जप्त करतात आणि वर ऐकवतात, "मामाच्या गावात हे धंदे चालत न्हाईत." डॉक्टरांनी महिनाभर घसा कोरडा केला तरी न सुटणारी पुडी ह्या दमदाटीनं सुटलेली मी पाहिली आहे.

एवढा मोठा मामा, पण ठेक्यावरचा. म्हणजे दवाखाना म्हणतो, तो आमचा नाही, ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो, काम दवाखान्यात करतो ना, मग दवाखान्याचा. दोघांनी मिळून त्यांना खराखुरा मामा बनवलाय. हातमोजे मिळतात ते उरलेले, बोटांची टोकं भेंडीसारखी लोंबणारे. एकदा कचऱ्याच्या पिशवीतून वापरलेली सुई त्यांच्या तळहातात घुसली, तर हा बाबा हात धोतराला पुसावा तसा पँटीला पुसून पुढं चालायला लागला. मी कॉलर धरून त्यांना तपासायला नेलं. रिपोर्ट येईपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि हे मलाच धीर देत होते.

आणि मार? तो तर ह्यांच्या पाचवीला पुजलेला. मध्यंतरी एका पेशंटच्या मेहुण्यानं वॉर्डात येऊन थयथयाट केला. रिपोर्ट लॅबचा, उशीर मशीनचा, आणि कानफाट फुटलं मामांचं. मी पोलिसांना बोलवायला निघाले तर मामा गाल चोळत आडवे आले. "ऱ्हाऊ द्या सिस्टर. भाचा चिडला तर मामावर चिडनार, अजून कुनावर?" मी त्यांनाही चांगलं झापलं. अशा माणसाची कीव करावी की त्याला दोन ठेवून द्याव्यात, मला अजून ठरवता आलेलं नाही.

कोरोनाच्या दिवसांत दवाखान्यावर फुलं उधळली होती, आठवतं का? बहुतेक फुलं डॉक्टरांवर पडली, चार पाकळ्या आम्हा सिस्टरांवर उडाल्या, आणि नंतर ती झाडायला मामा होते. मयताला घरचेसुद्धा हात लावायला धजत नव्हते. मामा लावायचे. पिशवीची चेन ओढायच्या आधी हळूच म्हणायचे, "चला भाचे." तेव्हा मला वाटायचं, ह्या माणसाला काही टोचतच नसावं. किती मूर्ख असतो आपण.

मागच्या महिन्यात एका दुपारी जालना रोडवरून अँब्युलन्स आली. अडलेली बाई, पहिलटकरीण, बाळाचे ठोके मंदावलेले. डॉक्टर मॅडमनी लगेच सिझरचं ठरवलं. मी हाक मारली, मामा, गाडी आणा. गाडी नाही. पुन्हा हाक मारली. तरी नाही. दुसरा वॉर्डबॉय जेवायला गेलेला. मी तणतणत शोधायला गेले, तर मामा चादरींच्या कपाटामागं उभे. डोक्यावर टोपी, तोंडाला दोन मास्क, वर कोरोनातला तो धुरकट चष्मा. मी म्हटलं, हे काय सोंग?

"सिस्टर, दुसऱ्या कुनाला धाडा. ती माझ्या आक्काची पोर हाय."

मी म्हटलं, मग तर तुम्हीच आधी धावायला पाहिजे. मामांनी नकाराची मान हलवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्या तोंडून शब्द ओढून काढावे लागले. सख्खी बहीण जालन्याकडं दिलेली. तिची ही एकुलती एक मनू. मामाच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलेली. कोरोना ओसरल्यावर तिचं लग्न ठरलं, तर भाऊजींचा फोन आला, तुम्ही मढी उचलता, लोक भितात, येऊ नका. नवरीला मांडवात मामानंच आणायचं असतं ना? तिथं आक्काच्या एका चुलतभावाला उभं केलं. तेव्हापासून येणं-जाणं बंद, बोलणं बंद.

"आन आता भितंय कोन, तर मी," मामा म्हणाले. "दिवसभर समदी दुनिया मला म्हनती, मामा, हळू न्या. तीबी तसंच म्हनली तर? लोकांवानी, 'न्या'? मंग माझ्यापाशी ऱ्हायलं काय, सिस्टर?"

पोरगी तिकडं तळमळत होती. मी म्हटलं, मामा, रडायचं ते नंतर दोघं मिळून रडू, आधी गाडी ओढा. तिला 'न्या' म्हणू दे, नाहीतर नेऊ नका म्हणू दे. पोर अडलीय.

त्यांनी गाडी ओढली. पण कशी! कॅन्टीन गेलं, एक्स-रे गेला, मामांच्या तोंडातून चकार शब्द नाही. लिफ्ट नेमकी बंद, तो उतार आला, तरी नाही. मनू डोळे मिटून कण्हत होती. मागून आक्का पदर तोंडात कोंबून चालत होती, आणि तिची नजर राहून राहून गाडी ओढणाऱ्या पाठीवर जात होती.

ऑपरेशन थिएटरच्या दारात एक फरशी उखडलेली आहे. गाडी तिथं जराशी आदळली. मनूनं डोळे उघडले. वर टोपी, चष्मा आणि मास्क. ओळखायला काही शिल्लकच नव्हतं. ती बघत राहिली. मग तिनं दांड्यावरचा तो हात गच्च धरला.

"मामा," ती म्हणाली, "हळू ने की रे."

"व्हय गं माय," मामा कसेबसे म्हणाले. "हळूच नेतो."

दोन पावलांचं अंतर होतं. ते त्यांनी इतकं हळू पार केलं, की आतून मॅडम ओरडल्या.

पोरगी आत गेली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. मामा रिकामी गाडी धरून दारात उभे होते. चष्मा काढायची हिंमत होत नव्हती, कारण आत सगळं पाणी झालेलं. आक्का बाकावर बसली होती. ती सरकली आणि शेजारची जागा हातानं पुसली. मामा तिथं जाऊन अंग चोरून बसले.

तेवढ्यात खालून फोन आला. अपघाताचा पेशंट आहे, मामांना ताबडतोब पाठवा, कुठं उलथलेत?

मी म्हटलं, "दुसरं कुणी बघा. मामा इथं कामावर नाहीत. ते पेशंटचे नातेवाईक आहेत."