ढोरे मास्तरांचं रांगणं

अमरावतीत आमच्या गल्लीत बारसं असलं की ढोरे मास्तरांना पाळण्याजवळ फिरकू द्यायचं नाही, असा आम्हा बायांचा ठराव होता. हा माणूस घुगऱ्यांच्या आधी पाळण्यात हात घालायचा. बाळाच्या मुठीत बोट दे, तळपायावर नख फिरव, आणि मग कानाशी फाडकन टाळी! बाळानं दचकून दोन्ही हात फेकले की मास्तर खूश. "बेस! सारं घेऊन आलं लेकरू." तेच बाळ वर्षाचं झाल्यावरही तसंच दचकलं, की यांचं तोंड उतरायचं. "हे दचकनं आतापावतर सुटाले पायजे होतं."

मास्तर कवायत शिकवून निवृत्त झालेले. एका जागी बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या ओसरीवर चहासुद्धा येरझारा घालत प्यायचे. भाजीबाजारात कुणाही बाईला अडवून विचारायचे, "रांगलं का पोट्टं? का तसंच चालाले लागलं?" न रांगता चाललेल्या पोराचं घरात कोण कौतुक! मास्तर मात्र कपाळावर हात मारायचे. "जलमाच्या खोडी जमिनीवरच जिरते. नाई जिरल्या त बाकावर बसंन कसं थे?"

म्हातारं सटकलंय, मी म्हणायची.

मग आमची सुमी पहिलीत गेली. फळ्याकडे मान वळवली की तिचा हात आपोआप त्या बाजूला ताठ व्हायचा आणि रेघ पाटीबाहेर जायची. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "मस्ती करते. दिवाळीपर्यंत सुधारली नाही तर घरी बसवा." सासूबाई म्हणाल्या, "बसवा की! पोरीच्या जातीले शिकून काय करा लागते?" माझं डोकंच फिरलं. माझी पोरगी शाळा सोडणार नाही म्हणजे नाही!

मास्तरांनी तिची मान वळवून हात पाहिला. "मस्ती नाई हे. तान्ह्या लेकराची खोड राहून गेली. रांगली होती का?"

कुठली रांगायला! न रांगता चालली म्हणून आम्हीच गावभर मिरवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात तमाशा. पुढे धोतर खोचून मास्तर, मागे सुमी, दोघंही गुडघ्यांवर. "मान वळव! हात वाकवूनच ठेव!" सगळी गल्ली कुंपणावर लोटली. मी लाजेनं मेले, पण थांबवलं नाही.

रांगण्यानं झालं की कोणी ओरडेनासं झालं म्हणून, देव जाणे. दिवाळीआधी सुमीची ओळ पाटीत राहू लागली. शाळा वाचली. मी पेढे घेऊन मास्तरांकडे धावले.

पेढा हातात घेऊन ते चक्क खाली बसले. "सूनबाई, तिले शाळेत कोनी मारलं त नाई?"

"नाही हो."

"माह्या पोराले म्याच मारलं."

दोन लेकरं गेल्यावरचा तो नवसाचा. नवस फिटेपर्यंत मातीला टेकवायचा नाही. देवीला जायचं राहत गेलं, आणि पोरगं मांडीवरून मांडीवर वाढत थेट चालायलाच लागलं. त्याचीही रेघ पाटीबाहेर जायची. शाळेत बापच मास्तर. बापाची छडी त्याच हातावर. एक दिवस पोरगं अकोल्याच्या गाडीत बसलं, ते परतलंच नाही. हुडकायला गेलेल्या मास्तरांना पोरगा सापडला नाही. तिथल्या एका डॉक्टरनं तेवढं त्या हाताचं कारण सांगितलं: पोरगं रांगलंच नव्हतं.

"येईल हो तो," मी म्हटलं.

"आता बाप्या झाला असंन. कुठं लेकरूही असंन त्याले." मास्तर हातातल्या पेढ्याकडे बघत राहिले. "थ्या लेकराले कोनी खाली ठेवते का नाई, हे मी कोनाले इचारू, सूनबाई?"