मौजे मुरुड येथील क्लचाची मोहीम

श्रीसिद्धेश्वराचे स्मरण करून, पदरचे काही न घालता, जैसे घडले तैसे लिहितो. शके एकोणीसशे सात. लातूर नवा जिल्हा होऊन तीन वर्षे जाहली होती, आणि मुलखात दुष्काळाने ठाणे दिले होते. विहिरींचे तळ उघडे पडले, मग मुरुडचे पंपमिस्त्री राजश्री मलप्पा यांस काम उरले नाही. त्यांचे कुटुंब सौभाग्यवती सरजाबाई सरकारी नर्स. गढूळ पाण्याने वाड्यावस्त्यांवर जुलाब माजले, आणि बाईंनी औषधे घेऊन पायी जावे, परंतु त्यांचा डावा पाय लहानपणापासून अधू. सांजेस घोटा सुजून येई. हे मलप्पांस पाहवेना. मग त्यांनी भंगारातील जीपचे इंजिन आणि ट्रॉलीचा पत्रा ऐसा सरंजाम मेळवून सहा मासांत घरच्या अंगणात मोटार खडी केली.

मोटार सुरू जाहली, परंतु क्लच फितूर निघाला. सरजाबाईंनी पेडल तळास टेकविले तरी गिअर किंचाळे, पडेना. मलप्पांनी पेडलापासून क्लचास जाणाऱ्या सळईचा नट आवळला, तो क्लच धरीनासा जाहला आणि चढावर जळका वास सुटला. मग नट सैल करून पेडलाचा दांडा लांब केला. पेडल हलके जाहले, परंतु इतके आत जाऊ लागले की बाईंचा पाय पोहोचेना. ऐसे नऊ दिवस मोर्चे लागले आणि उठले.

दहावे दिवशी शेजारचे धोंडप्पा, एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर, मसलतीस पाचारले. त्यांनी लांब पाय देऊन गिअर पाडिला आणि फर्माविले, "मलप्पा, गाडी झ्याक हाय. बाईचा पायच कमी पडून राहिलाय. तूच चालव."

सरजाबाई बोलिल्या, "आन् हे गावाला गेले तर? जुलाबाचं लेकरू यांची वाट बघंल व्हय? मामा, तुमी दाबा. मी म्होरून बघते."

बाईंनी बॉनेट उघडून आत नजर दिली, आणि धोंडप्पांनी जोरानिशी पेडल दाबिले.

"आवं, हिकडं या! पेडल धरलेला पत्राच फुगून राहिलाय. माझा जोर क्लचाला पोचतच न्हाई!"

मलप्पांनी जातीने अवलोकन केले. पत्रा दोन बोटे फुगे, आणि पेडलाची निम्मी चाल तेथेच खपे. नऊ दिवस आपणही मनोमन बाईंच्या पायासच बोल लाविला, हे उमजून त्यांची मान खाली गेली. इतकेच बोलिले, "चुकलं माझं."

"ते ऱ्हाऊ द्या. आधी वेल्डिंगचं मशीन काढा."

हुकमाप्रमाणे पत्र्यामागे लोखंडी अँगल जोडिला. मग बाईंस आसनी बसवून, त्यांचा पाय सुखे पोहोचे तेथेच पेडलास अडसर दिला, आणि क्लच पुन्हा जळू नये म्हणोन वरती एक बोट चाल मोकळी राखिली.

दुसरे दिवशी प्रातःकाळी पहिला गिअर आवाज न करिता पडला. सरजाबाईंची स्वारी एकलीच वाडीस दाखल जाहली, आणि दोन प्रहरांचे आत अकरा आजाऱ्यांस औषध पावले. आपले बाजूस नुकसान म्हणाल, तर वेशीचा एक दगड हलला. त्या सांजेस बाईंचा घोटा सुजला नाही. ही फत्ते खुद्द सरजाबाईंच्या नावे लिहून ठेविली असे.